पगार झाला की आधी तबलजी

चि. भाचीबाईस,



तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. मेसेज कसला, पत्रच ते, म्हणून उत्तरही पत्रानेच देतोय. मजकूर भला मोठा असला तरी प्रश्न एकच आहे. हिंजवडीची नोकरी सोडून पूर्णवेळ कथक करू का? आईला विचारलं असतंस तर तिने दोन दिवस अबोला धरला असता आणि बाबा लॅपटॉपवर कोष्टक मांडून बसले असते, म्हणून तू मामाला गाठलंस. शहाणी आहेस. पण मामा नर्तक नाही, हे विसरू नकोस. मी लेहरेवाला. तबल्याच्या शेजारी पेटी घेऊन बसतो आणि कार्यक्रमाच्या फोटोत हमखास अर्धा कापला जातो. त्या जागेचा एक फायदा मात्र आहे. प्रेक्षक नाचणारीचा चेहरा बघतात, परीक्षक हस्तक बघतात, मी इतकी वर्षं पाय बघत आलो. नाचणारी कुठवर तयार आहे ते पहिल्या विलंबितातच बऱ्यापैकी कळतं.

तर उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. नोकरी एवढ्यात सोडू नकोस. मात्र पगाराची वाट बदल. पगार खात्यात पडला की पहिला खर्च तबलजीचा. आठवड्यातून एक दिवस दोन तास त्यांना बोलवायचं, नुसत्या रियाजासाठी, कार्यक्रम असो नाहीतर नसो. कॉस्च्यूम, फोटोशूट, रील, महोत्सवांची शुल्कं हे सगळं त्यानंतर, पैसे उरले तर. दोन वर्षं एवढं नेमाने कर. मग नोकरीचा विषय पुन्हा काढू.

हे वाचून तुझं नाक फेंदारलं असणार. ‘मामा, मी विशारद पूर्ण आहे!’ आहेस की. कोण नाही म्हणतंय? प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण, ही सगळी शिडी तू चढलीस, तीही शाळा, दहावी, बारावी, इंजिनिअरिंग सांभाळून. या शिडीला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर विद्या बहुतेक घराण्यांच्या उंबरठ्याआत होती, ती त्यांनी वर्गात आणि वहीत आणली. 1931 मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं आणि पुढे नाचाच्या परीक्षाही त्यात आल्या. आपल्यासारख्या नोकरदार घरातली मुलगी कथक शिकू शकते, यात त्या परीक्षांचा वाटा मोठा आहे.

पण परीक्षेच्या खोलीत मीही बसलोय, लेहरा धरून. सकाळी नऊपासून मुलींमागून मुली. ‘झपतालाचा तत्कार दाखव. दुगुन कर. तिहाई घेऊन समेवर ये. आता धमाराचं परण पढ.’ मुली येतात, थरथरत सलाम करतात आणि बहुतेक जणी चोख करून जातात. दिवसभर तेच वाजवून रात्री जेवताना माझी बोटं ताटावर चालत असतात. एवढ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आलीय. परीक्षेत तुला काय येतं ते कळतं. ऐनवेळी काय सुचतं ते परीक्षेत कळत नाही, आणि कथक म्हणजे निम्मं तेच.

हे नीट फोड करून लिहितो, कारण हे पत्र तुझ्या मैत्रिणीही वाचणार, आणि तुझ्या बाबांनी वाचलं तरी त्यांना कळायला हवं. लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात नेमकी बसणारी सुरांची एक ओळ. तीनताल असेल तर 16 मात्रांची. चंद्रकंसातला घे, नाहीतर किरवाणीतला. ही एकच ओळ मी तासभर वाजवतो. हरकत नाही, मुरकी नाही. मी नटलो तर नाचणारीची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हरवेल. तिने वर्तुळ घ्यावं, तबल्याने उलटसुलट करावं, मी आपला जागचा हलत नाही. माझ्या ओळीच्या पहिल्या सुरावर सगळ्यांनी परत यायचं असतं.

आता तिहाई. समेवरून निघून पुढच्या समेवर यायचं तर तीनतालात 17 मात्रा भरायच्या. पाच मात्रांचा तुकडा तीनदा घ्यायचा, मध्ये एकेका मात्रेचा दम: 15 आणि 2, झाले 17. झपतालाच्या दहा मात्रा, म्हणजे तिथे 11 भरायच्या. तीन मात्रांचा तुकडा तीनदा, पुन्हा एकेक मात्रा दम. धमाराच्या 14, भरायच्या 15. पाचाचा तुकडा अजिबात न थांबता तीनदा घेतलास की बरोबर बसतो, आणि दम नाही म्हणून ती बेदम तिहाई. हे सगळं तुला झोपेतही येतं. पण समज, तीनतालात तू थाट करते आहेस, आवर्तन निम्म्याच्या जवळ आलंय आणि अचानक वाटलं, इथून उठावं. सातवी मात्रा सुरू होतेय. तिथून सम गाठायला हातात 11 मात्रा. म्हणजे झपतालातली तीच तीन मात्रांची तिहाई इथे जशीच्या तशी बसते! कागदावर हे चौथीतल्या पोरालाही समजेल. उभं राहून, मानेचा डोल सुरू असताना, डोळ्यांत भाव ठेवून, त्या क्षणी सुचायला मात्र समोर ठेका धरणारा जिवंत माणूस लागतो. तू निघालीस हे त्याला तुझ्या खांद्यावरून कळतं. तो बोट आखडून घेतो, जागा देतो, आणि समेवर दोघं एकत्र पडता तेव्हा तो जो हसतो ना, त्या हसण्यासाठी लोक आयुष्यं घालवतात.

तू गेली तीन-चार वर्षं जास्त करून ट्रॅकवर नाचतेस. मला कारण माहीत आहे. ट्रॅक फुकट आहे, पेनड्राइव्हमध्ये मावतो, त्याला रिक्षाचं भाडं द्यावं लागत नाही, तो चहा मागत नाही. समूहनृत्याला तो लागतोही. अहमदाबादच्या कुमुदिनी लाखियांनी कथकला एकट्या नर्तकीच्या चौकटीतून बाहेर काढलं, 1973च्या ‘धबकार’पासून पुढे रचनेचा केवढा विचार केला. दहा जणींच्या हालचाली आखून बसवलेल्या असतील तर संगीतही आखलेलंच बरं. पण एकटीचं कथक ट्रॅकवर केलं की त्यातली उपज, म्हणजे ऐनवेळचं सुचणं, मरते. करायला जागाच उरत नाही. तिहाई कुठे आहे ते महिनाभर आधी ठरलेलं, चक्कर किती ते ठरलेलं, समेवरचं तुझं ते आश्चर्यचकित होऊन बघणंही ठरलेलं! परवा तुझा व्हिडिओ बघितला. सफाई उत्तम. पण एकाही समेवर तू दचकली नाहीस. मामा म्हणून कौतुक वाटलं, लेहरेवाला म्हणून जरा कंटाळा आला. लिहून टाकलं, रागावू नकोस.

आणि तुझ्यात ते नाही, असंही नाही. तुझा मंचप्रवेश आठव. दुसऱ्या भागात उजव्या पायाच्या घुंगरांची दोरी सुटायला लागली. पांढऱ्या सुती दोरीत एकेका घुंगराला गाठ मारत तू आणि आजीने ती माळ ओवली होती, पितळेने बोटं काळी होईपर्यंत. नेमकी वरची गाठ सैल पडली. मला ते दिसलं, तबलजींना दिसलं, पहिल्या रांगेतल्या तुझ्या गुरू ताईंना दिसलं. तू काय केलंस? सरळ माइकपाशी येऊन बसलीस, एका हाताने माळ आवळत आवळत एक परण पढायला लागलीस. तबलजींनी ते जसंच्या तसं उचललं. तू पुन्हा पढलंस, जरा आड लयीत. त्यांनी तेही उचललं. तोवर गाठ बसली, तू उठलीस आणि तेच परण पायातून काढून समेवर आलीस. प्रेक्षकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. त्या अडीच तासांतली ती सर्वांत जिवंत पाच मिनिटं होती. ट्रॅक असता तर? तो पुढे निघून गेला असता आणि तू मागे दोरी बांधत बसली असतीस.

पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, तुझी चांगली आहे. ती तुझी खरी कमाई. ताईंनी वर्षानुवर्षं हातावर टाळी धरून बोल म्हणायला लावले, पाय हलवण्याआधी तोंडातून यायला पाहिजे म्हणून हटून बसल्या, त्याचं फळ. त्या हट्टामागे मोठी परंपरा आहे. आपल्या पुण्यात कथक रुजवलं ते रोहिणी भाट्यांनी. 1924चा जन्म, आणि 1947 साली त्यांनी ‘नृत्यभारती’ सुरू केली. त्या काळी मध्यमवर्गीय घरातली मुलगी घुंगरू बांधते म्हणजे काय, हे तुझ्या पणजीला विचारायला हवं होतं. त्या लच्छू महाराजांकडे शिकल्या, मोहनराव कल्याणपूरकरांकडे शिकल्या. पण मला त्यांच्याबद्दल जास्त अप्रूप वाटतं ते याचं की त्या गाणंही शिकल्या, केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्यासारख्यांकडे. बेबीताई म्हणायचे त्यांना सगळे. नाचाचं संगीत काय असावं, हे त्या कुणावर सोपवून मोकळ्या झाल्या नाहीत. बिरजू महाराजांचं तर विचारूच नकोस. ते गायचे, तबला वाजवायचे. सत्यजित राय यांच्या 1977च्या ‘शतरंज के खिलाडी’तल्या नाचांचं संगीत त्यांचं आणि आवाजही त्यांचाच. थोर कथकवाल्यांत नुसता नाचणारा असा मला कुणी आठवत नाही. तुझ्या पिढीत मात्र मला नुसत्या नाचणाऱ्या फार दिसतात. चेहरेपट्टी सुंदर, हात रेखीव, वर्तुळं भिंगरीसारखी, आणि धमाराचा ठेका हातावर धरायला सांगितला की अकराव्या मात्रेपाशी गडबड.

म्हणून पगारातून तबलजी. आता पैशाचं स्पष्ट बोलू.

तू जे पत्रक पाठवलंस ना, ‘राष्ट्रीय महोत्सवात निवड झाल्याबद्दल अभिनंदन’ असं सोनेरी अक्षरांतलं, ते मी चष्मा लावून तळापर्यंत वाचलं. तळाशी सहभाग शुल्क आहे. प्रवास तुमचा, राहणं तुमचं, मेकअप तुमचा, नाच आठ मिनिटं, ट्रॅक आणावा. बदल्यात एक ट्रॉफी आणि ‘नृत्य’ या शब्दापुढे रत्न, मणी की असंच काही जोडलेली पदवी. बाई गं, ही निवड नाही, ही गिऱ्हाइकी आहे. निवड झाली की समोरचा आपल्याला पैसे देतो. तशीच ती विक्रमाची टूम: मैदानात शेकडो मुली एकाच वेळी तत्कार करणार, वरून ड्रोन फिरणार, आणि प्रत्येकीकडून नावनोंदणीचे पैसे. त्यात एकीचाही पाय ऐकू येत नाही. या दोन्ही ठिकाणी एक रुपयाही घालायचा नाही, अशी माझी तुला ताकीद आहे. त्या शुल्कात तबलजींच्या किती बैठका झाल्या असत्या, त्याचं कोष्टक बाबांकडून करून घे.

आयोजकांचं म्हणशील तर माझ्या कपाटात शालींची एक चळत आहे. एका गावात, गावाचं नाव राहू दे, रात्री अकराला कार्यक्रम संपला. अध्यक्षांनी कलेच्या सेवेवर मोठं भाषण केलं, शाल घातली, नारळ दिला, आणि पाकिटाचं विचारल्यावर म्हणाले, ‘आपण तर कलाकार माणसं!’ तुझी मामी त्या नारळाची चटणी वाटताना जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून मानधन आधी ठरवतो, आणि ते लेखी घेतो. निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी. तूही पहिल्या फोनलाच विचारायला शीक. विचारताना अवघडल्यासारखं होईल. होऊ दे. आणि दुसरी बाजू विसरू नकोस: तुझ्या कार्यक्रमात साथीदारांचं पाकीट जेवणाच्या आधी त्यांच्या हातात गेलं पाहिजे. तुला काही मिळालं असो वा नसो. गावात नाव त्यानेच होतं, आणि पुढच्या वेळी चांगला तबलजी दुसरा कार्यक्रम टाळून तुझ्याकडे येतो.

सरकारदरबारीही थोडं काही आहे, त्याचा कंटाळा करू नकोस. केंद्राच्या सांस्कृतिक खात्याची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, 18 ते 25 वयोगटाला, दोन वर्षं, महिना 5000 रुपये. तू अजून पंचविशीच्या आत आहेस, यंदाच अर्ज भर. त्या पैशात घर चालत नाही, पण माझ्या योजनेतला तबलजी बराचसा निघतो. दूरदर्शनची श्रेणी आहे, तिची परीक्षा दे. कलाकारांना परदेशी कार्यक्रमांसाठी पाठवणाऱ्या आयसीसीआरच्या यादीत नाव लागलं तर पुढेमागे उपयोग होतो. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार 2006 पासून देतात, रक्कम 25,000, वयाची अट 40. सरकारच्या हिशेबी आपल्या क्षेत्रात माणूस चाळिशीपर्यंत तरुण असतो. तेव्हा चोविसाव्या वर्षी ‘आता उशीर झाला’ म्हणून जो गळा काढलायस, तो आवर.

ललित कला केंद्राचं विचारलंयस. पुणे विद्यापीठात 1987 साली हे केंद्र निघालं, तेव्हा आम्हा वाजवणाऱ्यांत मोठी चर्चा झाली होती की नाच-गाणं विद्यापीठात शिकवतात का म्हणून. शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. गाणं, नाच आणि नाटक एका आवारात. नाटकवाल्या पोरांनी तुझा अभिनय बघून नाक मुरडलं तरी तुझा फायदाच आहे. तिथे एम. ए.ला खरंच जायचं असेल तर नोकरी सोडण्याला माझी हरकत नाही, कारण मग तुझा सगळा दिवस त्यातच जाईल. पण नुसतं ‘पूर्णवेळ नृत्यांगना’ असं इन्स्टाग्रामवर लिहिण्यासाठी राजीनामा द्यायचा असेल, तर नको. सकाळचा रियाज दोन तासांचा होतो, मग उरलेल्या दिवसाचं तू काय करणार? क्लास काढशील.

क्लासबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. क्लासवरच या शहरातल्या बहुतेक नर्तकी जगतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आठवी-नववीत आयाबाया मुलींना घेऊन रांगा लावतात. गुणांसाठी आलेल्यांतली एखादी टिकतेही. पण विशारदचं प्रमाणपत्र हातात पडल्याबरोबर सोसायटीच्या क्लब हाउसात फलक लावणाऱ्या मुलींचा नाच मी डोळ्यांदेखत बसलेला बघितलाय. संध्याकाळी पाच ते नऊ ‘ता थेई थेई तत्’ मोजत, टाळ्या वाजवत, सात-आठ वर्षांच्या पोरींचे पाय सरळ करत बसलीस की तुझा स्वतःचा पाय पहिल्या धड्यातच अडकतो. आवाज बसतो तो वेगळाच. तेव्हा शिकवायचंच असेल तर आधी दोन वर्षं ताईंच्या हाताखाली शिकव. त्यांनी कुठे ओरडायचं आणि कुठे काणाडोळा करायचा याचा जो अंदाज बांधलाय, तो कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

लग्नांच्या संगीताचे नाच बसवायला बोलवतात म्हणालीस. जा की! लच्छू महाराजांनी ‘मुघल-ए-आझम’ची आणि ‘पाकीजा’ची नृत्यं बसवली, गोपीकृष्ण आणि सितारादेवी सिनेमात नाचले, त्यांच्या कथकला काही धाड भरली नाही. नवरदेवाच्या मावशांना चार पावलं शिकवून तबल्याचे महिन्याचे पैसे सुटत असतील तर मजेत शिकव. फक्त निम्मे पैसे आगाऊ घे. लग्नघरात नंतर कुणी सापडत नाही.

आता पाय. टाच दुखते हे तू मेसेजमध्ये जाता जाता लिहिलंस, माझ्या लेखी ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुमच्या नव्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, खाली थेट स्लॅब. त्यावर रोज तासभर तळवा आपटतेस, दीड-दीडशे घुंगरू बांधून. टाच दुखेल नाही तर काय होईल? काँक्रीट काही गिळत नाही, सगळा दणका पोटरीतून गुडघ्यात परत येतो. चाळिशीत गुडघ्याला पट्टा बांधून विंगेत बसलेल्या चांगल्या चांगल्या नर्तकी मी बघितल्यात. आजोबांच्या जुन्या घराच्या माळ्यावर सागवानी फळ्या पडून आहेत. त्या सुताराकडून पट्ट्यांवर ठोकून घे, म्हणजे जमिनीपासून बोटभर उचललेल्या राहतील आणि आतून जरा दबतील. आवाजही सुरेख येतो, खालच्या मजल्यावरच्या काकूंना तो सुरेख वाटेल की नाही ते मात्र सांगता येत नाही. टाच पूर्ण बरी होईपर्यंत तत्कार बंद. तोवर बसून पढंत कर, हस्तक कर, गतभावाचा विचार कर. आणि डॉक्टरला दाखव, क्लासच्या ग्रुपवर उपाय विचारत बसू नकोस.

कार्यक्रमांचं म्हणशील तर वर्षाला दोनच कर, पण साथीदारांबरोबर कर. बालगंधर्व रंगमंदिर घ्यायची घाई नको. तिथल्या खुर्च्या भरायला मावश्या, आत्या, ऑफिसचे सहकारी असे सगळे पकडून आणावे लागतात, आणि मागच्या रांगेतल्याला तुझ्या भुवईत काय चाललंय ते कळत नाही. कथक वाढलं ते दरबारात आणि कोठ्यावर, म्हणजे जवळून बघणाऱ्यांपुढे. थाटातली ती मनगटाची एवढीशी हालचाल चौथ्या ओळीपलीकडे पोचत नाही. कुणाच्या तरी मोठ्या दिवाणखान्यात चाळीस माणसं जमव, सतरंजी बाजूला सारून जमीन मोकळी कर, माइकही नको. तबला, लेहरा, आणि जमलं तर गाणारा एक. तासभर तीनताल, मग एखादी ठुमरी बसून. तिकीट लाव, थोडंसं का होईना. फुकट बोलावलेला माणूस मध्येच फोन घेतो. अशा दोन बैठकी झाल्या की तुझ्याबद्दल शहरात जे बोललं जाईल, ते दहा ट्रॉफींनी होणार नाही. खजुराहो आणि कोणार्कच्या महोत्सवांची बोलावणीही शेवटी कुणीतरी कुणाला तरी ‘ही मुलगी ऐका’ असं सांगितल्यावरच येतात. हो, ऐका. आमच्यात नाचाबद्दलही असंच बोलतात.

बघायला आलेल्या त्या मुलाने ‘लग्नानंतरही नाचणार का’ असं विचारलं म्हणून तू चिडली आहेस. चिडू नकोस, त्याला उलट विचार की तू लग्नानंतरही नोकरी करणार का. उत्तर काय येतं ते मला कळव.

माझी दोन वर्षांची मुदत तुला मोठी वाटेल. त्या दोन वर्षांत काय व्हायला हवं, तेही सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. एक, तीनतालाखेरीज आणखी एका तालात, शक्यतो धमारात, तासभर एकटीने नाचता आलं पाहिजे. दुसरं, कुठलाही नवा तबलजी आला तरी विंगेत दहा मिनिटं बोलून थेट मंचावर जाता आलं पाहिजे, तालमीशिवाय. ही दोन्ही जमली आणि टाच शाबूत राहिली, तर राजीनाम्याचं पत्र मी स्वतः टाइप करून देईन आणि तुझ्या आईची समजूतही मीच काढीन. नाही जमली तर नोकरी आहेच, आणि नाचही आहेच. मी बँकेत कॅशिअर राहून निवृत्त झालो, म्हणून माझा लेहरा काही कमी सुरात लागला नाही.

फळ्यांचं काम या आठवड्यात लावून घे. टाच दुखतेय तोवर रविवारी सकाळी आठला माझ्याकडे ये, मी धमाराचा लेहरा धरतो आणि तू हातावर ताल धरून पढ. तबलजींना फोन मात्र तू कर, मी करणार नाही. दोन तासांचे किती घेणार ते आधी विचार, घासाघीस करू नकोस, आणि आल्यावर चहा आल्याचा लागतो त्यांना.

तुझा,
मामा